ढगाचं कुलूप

नाही नाही, वहिनी, उठू नका, येईलच तुमचा नवरोबा खाली — काम संपतच आलंय. या काचेतून दिसतो बघा, वर, त्या जाळीच्या फळीवर, पांढरं हेल्मेट. आम्ही त्याला शंकासुर म्हणतो. घरीही असाच का? कडी लावली का, गॅस बंद केला का — वाटलंच मला!

खाली तो दुर्बिणीचा आरसा बघा, चार माणसं ऐसपैस झोपतील एवढा. सगळं ऊन गोळा करून वर एका ठिपक्यावर टाकतो — तो बसलाय ना, नेमकं तिथे. त्या ठिपक्यावर काय? धातूची थाळी, मधे छिद्र. छिद्रातून सूर्याचा चिमूटभर तुकडा घ्यायचा, बाकी ऊन बाजूला फेकायचं — रचना माझी, हं! थाळीत पाणी खेळतं म्हणून ती टिकते, नाहीतर वितळलीच. त्या पाण्याची नळी गळत होती, तीच बदलतोय तो.

घाबरता काय? आभाळ बघा की, माझ्यामागे खिडकी आहे — सकाळपासून गच्च. नियम काय, तर वर जाणाऱ्याने घुमटाचं दार, ज्यातून ऊन आत येतं ते, लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात घालून जायचं. आज किल्ली कुठे? ही काय, खिळ्याला! दार उघडंच ठेवलंय मी. बंद केलं की आत हवा तापते, मग अर्धा दिवस सूर्याचं चित्र नुसतं थरथरत राहतं — वाया! दुर्बीणही सूर्यावरच रोखून ठेवलीय, ढग सरले की लगेच काम सुरू. तो म्हणाला, बंद करा. मी म्हटलं, अरे, ढगासारखं कुलूप नाही! पाणी थांबलं की दार आपोआप लागतं, ती सोयही मीच बंद करून — म्हणजे तेवढ्यापुरती हो, नळी बसेपर्यंत. तोंड पाडून गेला वर. जाताना मला म्हणतो कसा — ही आली तर गप्पा मारत बसू नका, आभाळाकडे बघा. मला शिकवतो!

अहो, माझी नजर आहे ना. चहा घ्या, निवतोय — तुम्ही माझ्यामागे काय बघताय एवढं?

वहिनी... तुमची सावली. आत्ता नव्हती ती भिंतीवर. — अरे उतर! ऐकतोस का, उतर, सोड ती नळी, उतर! — दाबलं बटण, लागतंय हो दार, लागतंय, सावकाशच लागतं ते —

तुम्ही बाहेर जा. काचेकडे बघू नका. बाहेर जा म्हणतो ना!