मायचे हात कोरणारा दामूदादा

मंडळी, अमरावतीहून, पातूरहून एवढ्या उन्हाचे तुमी अकोल्यापर्यंत आले. मले भाषण येत नाही. महिनाभर दादाच्या उशाशी बसून उभं राहायचीही ताकद उरली नाही. तरी बोलतो. भाऊ होता माहा.

दामूदादा इथल्या छापखान्यात लाकडाचे ठसे कोरे. जाहिरातीतला बैल, पंचांगातला गणपती, सारं त्याच्या हातचं. मी पातूरले फुलांचा मळा पाहतो. आमची माय प्लेगात गेली तवा दादा आठ वर्षांचा, मी पाळण्यात. तिचा फोटो नाही.

दोन वर्षांपासून दादा सुटीत मळ्यात येऊन घरची माणसं कोरू लागला. मोट हाकणारा आजा कोरला. शेवंती खुडणारी मावशी कोरली. मायचा चेहरा मात्र जमेना. कोरे, छापे, फाडून टाके.

मी चिडलो. म्हटलं, "कसाही काढ ना, दादा. मले कुठं माहीत हाय?"

"म्हणूनच नाही काढत," म्हणे. "मी खोटा चेहरा दिला, तर तू जन्मभर त्यालेच माय म्हणशील."

मी त्याले मावशीकडं घेऊन गेलो.

दादानं तिले मायचं विचारलं. ती म्हणे, "चेहरा मलेही धड आठवत नाही रे. हात आठवतात. फुलं ओवायची ना. अन् दामू, ह्या तुह्या भावाचे हात पाह्य. डावी करंगळी वाकडी. थेट तिची."

तीन दुपारी दादानं मले झेंडू ओवत बसवलं. पाठ मोडून गेली. ठसा पाह्यला, तं वाकडी करंगळी उजव्या हाताले! मी ओरडलो, "चुकलं!" दादा हासला. शाई लावली, कागद दाबला, उचलला. करंगळी डाव्या हाताले आली.

"लाकडावर उलटंच कोरा लागते, येड्या."

पस्तिशीचा माणूस मी. मायसाठी पहिल्यांदा तवा रडलो.

शेवटी त्यानं बाप कोराले घेतला. मळा सोडून छापखान्यात गेला म्हणून ज्यानं दादाले दाराबाहेर काढलं, मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलला नाही, तो आमचा बाप. बाप जिवंत होता तोवर दादा पातूरले आलाच नाही. मी विचारलं, "राग नाही येत?" म्हणे, "येते. कोरता कोरता कमी होते."

डोळे कोरून झाले. तोंड राहिलं. मग ताप आला, तो उतरलाच नाही. शेवटल्या दिवशी म्हणे, "बाप बोलायचा राहिला रे."

मी म्हटलं, "राहू दे, दादा. लय थकला तू."

"हो," म्हणे. तेवढंच.

मीही थकलो, मंडळी. आता उठा. त्याच्यासाठी जरा वेळ कोणी काही बोलू नोका.