दीड मीटर उंचीची गाडी

मुराओका : ...तिथेच तर सगळे फसतात, साकाकीसान. कॅमेरा लहान म्हणजे लेन्सही लहान, असं नसतं. फुल फ्रेम आहे हा. आतला सेन्सर मोठा, त्याला उजेड पुरवायचा तर काचही मोठी लागते. ही झूम चढवून बघा.

साकाकी : हे तर काडेपेटीला थर्मास लटकवल्यासारखं झालं.

फुसाए : आणि धरणाऱ्याचं मनगट जेवायच्या काडीएवढं. मुराओकासान, डॉक्टरांनी यांना चहाची किटलीसुद्धा एका हाताने उचलायची नाही म्हणून बजावलंय.

साकाकी : किटलीने फोटो काढतं का कोणी?

मुराओका : वहिनींचं बरोबर आहे. म्हणून हा दुसरा बघा. हाही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, आकाराने जवळजवळ तेवढाच, पण याला डोळा लावायला कोपऱ्यात खिडकी आहे. पहिल्यात हात लांब करून मागच्या पडद्यावर बघत बसावं लागतं. शिवाय याचा सेन्सर आतल्या आत डोलतो. हात थरथरला की उलटा सरकून सावरून घेतो.

फुसाए : म्हणजे घरी मी करते ते काम.

साकाकी : माझा हात थरथरत नाही.

फुसाए : नाही हो. कपच थरथरतो.

मुराओका : बरं, काढायचं काय, त्यावर लेन्स ठरवू. नेहमीसारख्या रेल्वेगाड्याच ना?

साकाकी : गाड्याच. दुसरं काय काढणार मी.

मुराओका : मग तुमची ती दूरचं जवळ आणणारी लांब नळीची लेन्स आहेच की. माझ्या वडिलांनी विकलेली.

साकाकी : ती आणलीय. पिशवीत आहे. ठेवून घ्या तुम्ही.

फुसाए : अगंबाई. धूळ पुसायलासुद्धा मला तिला हात लावू देत नव्हतात.

मुराओका : साकाकीसान, हिच्याशिवाय गाड्या कशा काढाल?

साकाकी : जवळून. ती पंच्याऐंशी मिलिमीटरची दाखवा. आता समजा, गाडी दीड मीटर उंच असली, तर किती लांब उभं राहावं लागेल?

मुराओका : दीड मीटर? कुठल्या मार्गावर धावते ही?

साकाकी : धावत नाही फारशी. गुडघे दुखतात.

मुराओका : गाडीचे.

साकाकी : उजेड दक्षिणेच्या खिडकीतून येतो. खोली लहान, जमिनीवर सहा चटया मावतील एवढीच. टेपने मोजलीय मी, कपाट सोडून अडीच मीटर जागा मिळते.

फुसाए : मुराओकासान, नका छळू त्यांना. ती गाडी म्हणजे मी.

साकाकी : तुला कोणी सांगितलं?

फुसाए : सांगायला कशाला हवं? तुमच्या मित्राच्या, हामानोंच्या, बायकोच्या अंत्यविधीहून आलात, शुद्धीसाठी दारात अंगावर मीठ टाकून घ्यायचंसुद्धा विसरलात, आणि तडक आल्बम काढून बसलात. चार दिवस. मी चहा आणला की आल्बम मिटायचा. चोरून वाईट पुस्तकं वाचणारा माणूसही याहून मोकळा वागतो.

मुराओका : काय झालं हामानोंकडे?

साकाकी : फुलांच्या मधोमध ठेवायला तिचा एकटीचा फोटोच सापडला नाही. सहलीच्या घोळक्यातून कापून काढला, वर कॉम्प्युटरवर किमोनो नेसवला. खांद्यावर शेजारणीच्या हनुवटीचा तुकडा राहिला होता. हामानो सगळा वेळ त्या हनुवटीकडे बघत होता.

मुराओका : आणि तुमच्या आल्बमांत?

साकाकी : अकरा हजार गाड्या.

फुसाए : मी तीनदा आहे. एकात अर्धी, एकात पाठमोरी, एकात नुसती छत्री. छत्री मात्र सुरेख आलीय.

साकाकी : हसण्यावारी नेऊ नकोस. तुझ्यानंतर मी काय त्या छत्रीपुढे उदबत्ती लावू?

फुसाए : मी ठणठणीत आहे, आधी तुम्हीच जाल बहुतेक. पण हात पुढच्या वर्षी आजच्याएवढाही स्थिर राहायचा नाही, हे मला कळतं. म्हणून तर आले मी बरोबर. नाहीतर या दुकानात पाऊल ठेवलं होतं कधी?

मुराओका : चेहऱ्याला पंच्याऐंशी उत्तमच. पण त्या खोलीत साकाकीसानना पार कोपऱ्यात पाठ टेकावी लागेल. पाय दिसायला हवे असतील तर न्हाणीघरात जावं लागेल.

फुसाए : आणि मी कोणाकडे बघून हसायचं? न्हाणीघराच्या दाराकडे?

साकाकी : मग पस्तीस घेऊ.

मुराओका : तिच्यासाठी फार जवळ जावं लागतं. नाक पुढे येतं.

फुसाए : नाक आहे तेवढं पुरे.

मुराओका : मग ही पन्नासची. वजन दोन संत्र्यांएवढं, उजेडही बऱ्यापैकी घेते. बैठ्या टेबलाच्या या काठाला साकाकीसान, त्या काठाला तुम्ही. जेवायला बसता तसे.

फुसाए : तेवढ्यावर मला दिसतील हे. चालेल.

साकाकी : कडा जराशा मऊ येतात हिच्या, नाही का?

फुसाए : येऊ देत. माझ्याही आल्यात.

मुराओका : घ्या, एक काढून बघा. वहिनी, तिथे दाराच्या उजेडात उभ्या राहा.

(साकाकी कॅमेरा डोळ्याला लावतात. फुसाए दोन पावलं बाजूला सरकते.)

मुराओका : वहिनी, कुठे निघालात?

फुसाए : इश्श. सवय हो. कॅमेरा वर गेला की पाय आपोआप हलतात. लग्न झाल्यापासून प्रत्येक फलाटावर ऐकत आलेय, फुसाए बाजूला हो, फुसाए बाजूला हो.

साकाकी : गाडी कुणासाठी थांबत नाही, म्हणून म्हणायचो.

फुसाए : माहीत आहे मला. अर्धं मिनिटसुद्धा थांबत नाही.

साकाकी : मध्ये ये. अजून थोडी. हां, तिथेच.

फुसाए : आणि गाडी आली तर?

साकाकी : थांबेल.