केरबांचे वाकडे टाके

सज्जनहो, द्वेषाने केलेला अपराध ओळखायला वेळ लागत नाही. तो करणाऱ्यालाही ठाऊक असतो आणि सोसणाऱ्यालाही. परंतु प्रेमाने केलेला अपराध? मनात काडीचे कपट नाही, आणि तरीही समोरच्या माणसापाशी उरलेले एकुलते एक आपण हिरावून घेतले — त्या कर्माला काय म्हणावे? पुण्य म्हणावे, तर त्याच्या डोळ्यांत पाहवत नाही. पाप म्हणावे, तर जीभ रेटत नाही! मंडळी, ऐका. आजचे आख्यान पुराणातले नव्हे, आपल्या कोल्हापुरातले आहे. सावकाश ऐका — प्रसादाला अजून अवकाश आहे!

दोन चित्रकार. एक केरबा लोहार, दुसरे भालचंद्र तेरदाळे. कलाशाळेत एका बाकावर बसलेले, आता साठी उलटलेले. दोघांची कला मिश्र माध्यमाची. म्हणजे काय? नुसता रंग नव्हे. रंगाबरोबर गोणपाट, गंजका पत्रा, दोरा, जुने कागद — सारे एकाच चित्रात नांदते. दोघांचे मिळून प्रदर्शन भरले, तेव्हा आम्ही सपत्नीक गेलो. आमच्या सौभाग्यवती एका चित्रासमोर थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, हे सगळं आपल्या माळ्यावर आहे की!" — हसा, हसा! पेटीवालेही हसले! मीही हसलो होतो. पण पुढच्या एका चित्रापाशी भालचंद्र एकटेच उभे होते. त्यांनी तेव्हा जे सांगितले, आणि पुढचे जे मागाहून कळवले, त्यावर हसू आले नाही. "बुवा, हे चारचौघांत सांगा," म्हणाले. म्हणून सांगतो.

या दोघांचा तीस वर्षांचा नेम होता. चित्र ज्याचे, त्याने ते पुरे झाले असे म्हणायचे नाही. शेवटचा हात दुसऱ्याने फिरवायचा. मात्र विचारून! "हात लावू?" — "लाव." एवढेच. त्या एका 'लाव'शिवाय कुंचला टेकवायचा नाही.

गेल्या वर्षी केरबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. प्रदर्शन तर ठरलेले. भालचंद्र म्हणाले, "तुझी जुनी चित्रं लावू. तू फक्त उद्घाटनाला ये." चित्रे आली, आणि त्यांत एक नवे निघाले. जाड हातकागदावर गंजका पत्रा, तांबड्या दोऱ्याने शिवलेला. पण टाके कसे? एक लांब, एक आखूड, एक भलतीकडेच गेलेला, मध्ये दोऱ्याचा गुंता! भालचंद्रांना वाटले, चित्र आजारपणात अर्धे राहिले, घरच्या कोणीतरी कसेबसे शिवून धाडले. लोक पाहतील आणि म्हणतील, केरबा संपला! मित्राची लाज आपण नाही राखायची, तर कोणी?

आता तुम्ही विचाराल — फोन नव्हता का? होता! खिशातच होता! पण 'आजारी माणसाला कशाला त्रास?' — किती मऊ वाक्य आहे, पाहा. त्या मऊ वाक्याखाली तीस वर्षांचा नेम गाडला गेला. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी त्यांनी कात्री घेतली, सारे टाके उसवले, जुनी भोके कागदाच्या लगद्याने बुजवली, वर रंग दिला आणि दाभणाने नवी ओळ घातली. काय ओळ ती! पट्टीने आखावी तशी!

दुसऱ्या दिवशी केरबा आले. पत्नी हौसाबाईंच्या खांद्यावर हात, पण चेहऱ्यावर उत्सुकता लहान पोराची. "भाल्या, माझं नवं कुठाय रं?"

"ते काय, समोरच! सगळे वाखाणतायत."

केरबा जवळ गेले. डाव्या हाताची बोटे दोऱ्यावरून फिरवली. टोकापर्यंत फिरवली. मग परत फिरवली.

"टाकं कुनी घातलं?"

"मी. घरच्या कुणी घाईत शिवलं असेल, असं वाटलं मला…"

हौसाबाई म्हणाल्या, "घरच्यांनी न्हाई वो, भावजी. ह्येंनीच घातलं हुतं. डाव्या हातानं, दातात दोरा धरून. मला शिवू दिलं न्हाई."

इतक्यात एक गृहस्थ आले — असे गृहस्थ नेमके त्याच वेळी येतात! — आणि म्हणाले, "वा केरबा! एवढ्या आजारपणात काय ही सफाई!"

"माझी न्हाई ती," केरबा म्हणाले. "ह्येची हाय." आणि मित्राकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, "तू एका दुपारी सरळ केलंस, लेका. मला त्ये वाकडं घालाय चार म्हैनं लागलं."

भालचंद्र धावले. कचऱ्याची टोपली उपसली. दोरा केव्हाच गेला होता!

प्रदर्शन संपल्यावर ते चित्र घेऊन ते केरबांच्या दारी गेले. स्वतःचे टाके उसवून नेले होते. "पुन्हा घाल रे. मी कागद धरतो." केरबांनी दाभण हातात घेतले आणि खाली ठेवले.

"आता न्हाई व्हायचं. त्ये तुला दाखवाय घातलं हुतं, भाल्या. केरबा अजून हाय, एवढं. आन् तू बघितलंस, तरी तुला त्यो मी वाटलो न्हाई."

मंडळी, भालचंद्र चित्र उचलून उठू लागले.

"राग न्हाई रं," केरबाच म्हणाले. "बस. च्या घे." क्षमा तर तिथल्या तिथे मिळाली. टाके मात्र त्या कागदावर पुन्हा पडले नाहीत.

आता आपल्या घरी चला. थकलेले वडील देवावर फूल वाहतात, ते घसरते — कोण पटकन उचलून नीट ठेवतो? सून पहिल्यांदा करंज्या मुरडते — मागून कोण मुरड मोडून पुन्हा घालते? अहो, तुम्ही खाली का पाहता? मीही पाहतोच आहे! तो घसरलेला हात काय सांगू पाहत होता, हे आपण विचारले का? विचारायला क्षण पुरला असता. न विचारल्याचे दुःख भालचंद्र आजही वाहत आहेत.

ते चित्र आता भालचंद्रांच्या घरी आहे — त्यांच्याच उसवलेल्या सरळ ओळीची नुसती भोके असलेले. त्यांनी त्याला पुन्हा हात लावलेला नाही.

परमेश्वर केरबांना स्वस्थ झोप देवो. भालचंद्रांच्या मनाचा भार थोडा हलका करो. आणि त्या दोघा मित्रांना एकमेकांशेजारी बसायला अजून पुष्कळ दुपारी देवो.