मिश्रीलाल शेटची आगगाडी

जुन्नरच्या कचेरीत प्रांतसाहेबांना भेटायला आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. माझ्या एका बाजूला कापडवाले मिश्रीलाल शेट, मांडीवर पत्र्याची आगगाडी आणि खिळे ठोकलेली एक फळी घेऊन. दुसऱ्या बाजूला डिंगोरे गावचे हौशीराम.

“शेट, नातवाला का?” हौशीरामांनी विचारलं.

“छे. साहेबांना दाखवायला. जुन्नरला रेल्वे आली तर कशी दिसेल, ते.”

“आन ही खिळ्यांची फळी?”

“हा साचा. घरीच केला. खिळ्यांमधून तार वाकवून काढली की दाराची कडी तयार. सगळ्या एकसारख्या.”

“ब्येस. पर डब्यांच्या कड्या समद्या बाहेरनं लावल्यात.”

“मग? दुकानाला काय आतून लावतात?”

“दुकानात माल असतो, शेट. ह्यात माणसं बसणार. ती उतरायची कशी?”

“स्टेशन आलं की गार्ड येऊन उघडेल.”

“तुमी बसलाय का कधी गाडीत?”

“तळेगावला बसलो, मुंबईला उतरलो. मधे झोप लागली. दार हमालानं उघडलं.”

“आन गार्ड कुठल्या डब्यात असतो?”

“हा शेवटचा.”

“त्याला बी बाहेरनंच कडी हाय.”

“साचा एकच आहे ना.”

“मंग आतनं लावा की.”

“त्याला तार उलटी वाकवावी लागते. ह्या साच्यात ती एकाच बाजूला वळते.”

“खिळं उपटा.”

“पक्के बसलेत, भाऊ. लोकांना होईल सवय.”

शिपायानं शेटचं नाव पुकारलं.

“जावा, शेट. कड्या ऱ्हाऊ द्या तशाच. कुणी उघडंस्तवर माणसं बसून ऱ्हात्यात, हितल्यावानी; साहेबाला लई आवडतील.”