न पुसलेली बासरी

अबे, तू फक्त ऐक. अमर वणीच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध घ्यायले गेलता. फ्लूच्या साथीनं बाकं पार भरलेली. मागच्या बाकावर मायलेकी कुजबुजत होत्या, अन् त्याचे कान तिकडंच.

"खुशे, अंग तवा झालं तुहं. उद्याचं रद्द कर."

"आई, तीन वर्षं रियाज केला मी! उन्हाळी महोत्सवाच्या पत्रिकेत पह्यल्यांदा नाव छापलं माह्यं."

"अन् विठ्ठलराव गुरुजी? तुहं वाजवून झालं का तीच बासरी ते ओठाले लावतेत ना?"

"रीतच हाये तशी."

"मंग पुसून दे."

"पुसली तं शिष्याचा सूरच पुसला म्हणतेत. साऱ्या लोकाईसमोर पुसू?"

"पंच्याहत्तरीचे हायेत ते. खिशात दम्याचा पंप घेऊन फिरतेत!"

"गोळी घेऊन ताप उतरवतो ना मी. तू फक्त सांगू नको."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "अरे खुशी, तू इथं कायले?"

अमरनं वळून पाह्यलं. नव्या पंपाची चिठ्ठी लिहून घ्यायले आलेले गुरुजीच!

"आईले दाखवाले आणलं, गुरुजी."

आईनं लेकीकडं पाह्यलं, अन् बळंच खोकली.

"सांभाळ आईले. उद्या मात्र लवकर ये."

गुरुजी नेमके अमरच्याच बाजूले जागा करून टेकले, अन् हसून म्हणाले, "माही खुशी वाजवून राह्यली उद्या. तू येशीन ना रे ऐकाले?"

सांग बे, तू काय बोलला असता?