मोत्या थांबला की

कुत्र्याला शिकवणं सोपं असतंय बघा, मास्तरला शिकवून दाखवा. माझे मामा पालमला मास्तर व्हते, आता डोळ्यानं दिसत न्हाई. म्हणून त्यांच्या मोत्याला मी शिकवलं, वाटंत अडचण आली की थांबायचं. कुत्रं महिन्यात शिकलं, मामा काही शिकंनात. कुणी "जय भीम, गुरुजी" म्हणलं की थांबून घरदार विचारणार. मग मोत्याबी वळखीचं माणूस दिसलं की आपणहून थांबायला लागला.

"मामा, सगळी मेहनत वाया घालवायलाव तुमी!" मी लय चिडलो.

परवा बाजारात मी दहा पावलं मागं व्हतो. मोत्या थांबला.

"जय भीम!" मामा म्हणाले. जवाब न्हाई. परत मोठ्यानं, "जय भीम!" न्हाईच.

मामा तापले. "कोण हाय रे? तोंड न्हाई का?" आन् पाय उचलला. मी पळत जाऊन दंड धरला.

"मामा, पुढं नालीचा खड्डा हाय!"

मामा मागं सरले. मग मोत्याच्या डोक्यावरून हात फिरवून मलाच म्हणाले, "त्याला आता नवीन काही शिकवू नको. तो थांबला की मी जय भीम म्हणणार. जवाब आला तर माणूस, न्हाई आला तर खड्डा."