तोही येणार का?

कोर्टाच्या बाकावर दोघी बहिणी निकालाची वाट बघत होत्या. दाराशी उभ्या शिपायाला सगळं ऐकू येत होतं.

“ताई, प्रभू सगळ्यांना तारणार, स्वर्गात नेणार. माझ्या पोरालाही.”

“अगं, त्यानं बाप्तिस्मासुद्धा घेतला नव्हता. विश्वासाशिवाय कसलं तारण?”

“देव काय हजेरीची वही घेऊन बसलाय?”

“सगळ्यांना म्हणतेस ना? मग दारू पिऊन तुझ्या पोराला गाडीखाली घेणारा तो ड्रायव्हरही आलाच त्यात.”

आरोपीचा पुकारा करायची वेळ झाली होती. शिपायानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

“बोल की! तोही येणार का?”

“येऊ दे. पण माझ्या पोराशेजारी बसवू नको म्हणावं.”